खैरटेकचे तीन सेकंद

नागपूरला जायचं मला काही कारण नव्हतं. तिकडे ना नातं ना ओळख, आणि वाघ बघायची हौस मला कधीच नव्हती. आमच्या साताऱ्याकडे नागपूर म्हटलं की लोक आधी उन्हाळ्याबद्दल बोलतात आणि मग संत्र्यांबद्दल, त्यापलीकडे कुणी जात नाही. मीही गेले नसते. पण डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी फोन आला. पलीकडचा आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, पण खणखणीत.

"मी नामदेव पराते बोलून राहिलो, नागपूरहून. तुमच्या वडिलांसंगं सर्वे खात्यात होतो. अण्णा गेल्याचं मले आत्ता समजलं."

अण्णांना जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. असे फोन अधूनमधून येत. मी नेहमीची वाक्यं बोलले. ते ऐकून घेऊन ते म्हणाले, "तुमचे आजोबा गेले तेव्हा अण्णा काहून नाही पोचला, ते मले ठाऊक आहे. फोनवर नाही सांगता येत. माह्या गुडघ्यांनी माह्यानं तिकडं येणं होत नाही. तुमी याल का?"

मी लगेच हो म्हणाले नाही. पण फोन ठेवल्यावर चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले.

मी अकरा वर्षांची असताना वाईला आजोबा आजारी पडले. अण्णा तेव्हा मोजणीच्या कामावर दूर विदर्भात होते. तार गेली. आजोबा चार दिवस दाराकडे बघत "रामा आला का" असं अण्णांचं नाव घेऊन विचारत राहिले आणि पाचव्या दिवशी गेले. अण्णा आले ते राख सावडून झाल्यावर. आजोबांच्या उशाशी बसून होती ती कमलआत्या, अण्णांची धाकटी बहीण. तिने एकच विचारलं, "तार वेळेवर मिळाली होती का?" अण्णा म्हणाले, "मिळाली होती. काम होतं." यापुढे एक शब्द नाही. आत्याने त्यानंतर नऊ वर्षं त्यांना भाऊबीजेला ओवाळलं नाही. पुढे सगळं वरवर सुरळीत झालं, पण 'काम होतं' हे दोन शब्द आमच्या घरात कुणी विसरलं नाही. मी तर नाहीच.

चार दिवसांनी मी नागपूरच्या गाडीत बसले.

बेसा

स्टेशनवर मला घ्यायला परात्यांची मुलगी वैशाली आली होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलकी, गाडी चालवताना दोन्ही हात सोडून बोलणारी. तिचं साड्यांचं छोटं दुकान आहे. घराणं विणकरांचं; आजोबा उमरेडला हातमागावर बसायचे, आता घरात माग कुणी चालवत नाही, पण साडीला बोट लावलं की सुताचा नंबर कळतो, असं ती म्हणाली. बापलेक राहतात बेसा भागात, शहराच्या दक्षिण टोकाला. तिथे एक इमारत, मग तुरीचा एक तुकडा, मग पुन्हा तीन इमारती, असं चाललं आहे. आठव्या मजल्यावरून पाहिलं तर जमीन ताटासारखी पसरलेली. डोंगर पाठीशी घेऊन वाढलेल्या मला ते बघून थोडं उघड्यावर पडल्यासारखं झालं. आमच्याकडे कुठेही उभं राहा, नजर कशाला तरी टेकते. इथे ती जातच राहते.

पराते काका दारातच उभे होते. उंच, काटकुळे, गळ्यात मफलर. माझ्याकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "कपाळ अण्णाचंच आहे." आणि आत वळून, "पाणी आण वं वैशाली."

जेवणाच्या वेळी माझी फजिती झाली. वैशाली म्हणाली, "मावशी, आज सांबारवडी केली." मी डोळ्यांसमोर इडलीबरोबरचं सांबार आणि त्यात बुडवलेला वडा आणला आणि म्हणाले, "मला आंबट सोसत नाही गं, वडी नुसतीच दे." दोघंही माझ्याकडे बघत राहिले. ताटात आली ती कोथिंबिरीने गच्च भरलेली, तळलेली वडी. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पाटवडीच्या झणझणीत रश्श्याने मात्र मला आणखी काही बोलण्याच्या स्थितीत ठेवलं नाही.

जेवणानंतर काकांनी विचारलं, "तुमी काय शिकवत होत्या?"

"गणित. नववी-दहावीला भूमिती. तेहतीस वर्षं."

"मंग सांगा, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती?"

मला हसू आलं. "एकशे ऐंशी अंश."

"कोणत्या त्रिकोणाची?"

"कोणत्याही."

त्यांनी टोपलीतलं एक संत्रं घेतलं. देठाच्या टोकापासून सुरीने सालीवर एक रेघ खाली पोटापर्यंत ओढली. पुन्हा देठापासून दुसरी, पहिलीशी काटकोन करून. मग पोटावरून आडवी रेघ ओढून दोन्ही जोडल्या. सालीवर त्रिकोण तयार झाला. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"मोजा."

मोजायची गरज नव्हती. तिन्ही कोन काटकोन होते. दोनशे सत्तर अंश.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजात कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं आणि परीक्षेला नाही म्हणून सोडून दिलं होतं. मी म्हणाले, "काका, हा सपाट कागद नाही. प्रमेय सपाट पृष्ठभागापुरतं आहे. ते खोटं ठरत नाही."

"मी कुठं खोटं म्हटलं? पण आत्ता तुमी 'कोणत्याही' म्हणाल्या ना, म्हणून इचारलं. पोरायले सांगत होत्या का, का कागद सपाट पाहिजे म्हणून?"

नव्हते सांगत. तेहतीस वर्षांत एकदाही नाही. फळा सपाट असतो, वही सपाट असते, मग सांगायचं काय, असं वाटायचं.  त्यांनी संत्रं सोलून अर्धं मला दिलं आणि म्हणाले, "आज एवढंच. थकल्या तुमी."

वहीतलं पान

दुसऱ्या दिवशी सकाळी वैशाली दुकानात निघाली होती. काकांनी तिला थांबवलं. "तू बी बस. तुह्याबी कामाचं आहे."

त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून दोन कागद काढले. दोन्ही पिवळे पडलेले. एकावर त्यांचं अक्षर होतं, दुसऱ्यावर अण्णांचं. अण्णांचा सात मी कुठेही ओळखला असता, त्याला मधे आडवी रेघ असायची.

मग ते बोलू लागले. मोजणी कशी चालायची ते त्यांनी आधी सांगितलं. लांबलांबच्या तीन टेकड्या निवडायच्या. एकीवर दुर्बीण लावायची, बाकी दोघींवर एकेक माणूस आरसा घेऊन बसवायचा. त्याने आरशाने ऊन दुर्बिणीकडे फेकायचं. वीस-बावीस मैलांवरून तो ठिपका ताऱ्यासारखा दिसतो. दोन ठिपक्यांमधला कोन मोजायचा, एकदा नव्हे, बारा वेळा, आणि सरासरी घ्यायची. मग दुर्बीण दुसऱ्या टेकडीवर, मग तिसऱ्या.

"दोन टेकड्या झाल्या होत्या. तिसरी माही होती, खैरटेक. मावठाचे ढग आले. ऊन नाही तं आरसा नाही, आरसा नाही तं कोन नाही. तीन दिवस टेकडीवर बसलो. चौथ्या दिवशी निरोप आला का इची आई दवाखान्यात आहे, मूल आडवं आहे, डॉक्टर काही सांगत नाहीत." त्यांनी वैशालीकडे पाहिलं नाही. "पुढच्या हप्त्यात मोठे साहेब तपासायले येणार होते. मी काय केलं? दोन कोन माहीत होते. एकशे ऐंशीतून वजा केले. जे आलं त्याच्या आसपासचे बारा आकडे लिहिले, सरासरी तेवढीच यावी असे. वही अण्णाच्या हातात देल्ली अन् नागपूरची एसटी धरली."

अण्णा त्या तुकडीत वरिष्ठ होते. आकडेमोड त्यांच्याकडे होती. त्या संध्याकाळी त्यांनी तीन कोनांची बेरीज केली. एकशे ऐंशी अंश, शून्य मिनिटं, शून्य सेकंद.

"बरोब्बर आलं. म्हणूनच पकडल्या गेलो."

मला उलगडा झाला नाही. ते समजावून सांगू लागले, जसं एखाद्या नवख्या माणसाला सांगावं.

"जमीन गोल आहे ना बाप्पा. लहान शेताचा त्रिकोण असला तं फरक दिसत नाही. पण एवढ्या मोठ्या त्रिकोणात बेरीज एकशे ऐंशीच्या वर पावणेतीन सेकंद यायले पाहिजे. त्यावर माणसाच्या हाताची चूक, अर्धा-एक सेकंद इकडं का तिकडं. पण वर शून्य? खरं मोजणाऱ्याचं ते येतच नाही. येते ते तंबूत बसून लिहिणाऱ्याचं."

"तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. खात्यानं शिकवलंच होतं. पण घाबरलेला माणूस शाळेत शिकलेलं लिहिते, खात्यात शिकलेलं नाही."

अंशाचे साठ भाग म्हणजे मिनिटं, मिनिटाचे साठ भाग म्हणजे सेकंद. कोनाचे तीन सेकंद म्हणजे किलोमीटरभर दूर उभ्या माणसाच्या एका बोटाची जाडी. तेवढ्याने एका माणसाचं खोटं पकडलं गेलं होतं. आणि ते खोटं म्हणजे मी ज्याला जगातलं सगळ्यात पक्कं सत्य म्हणून शिकवलं तेच वाक्य होतं.  टेबलावरचा तो कागद मी हात न लावता कितीतरी वेळ बघत होते.

अण्णांनी तक्रार केली असती तर परात्यांची नोकरी गेली असती. अण्णांनी तक्रार केली नाही. ते पान त्यांनी वहीतून काढलं. सरकारी वहीतलं पान काढणं हाच गुन्हा, आणि अण्णा दुकानदाराने चुकून जास्त दिलेली सुई परत करायला दोन मैल जाणारे. मग दुर्बीण आणि दोन खलाशी, म्हणजे मोजणीतले मदतनीस गडी, बरोबर घेऊन ते स्वतः खैरटेकवर चढले. ढग होतेच. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी एक खलाशी खालून तार घेऊन आला.

"त्या खलाशानंच मले मागाहून सांगितलं," काका म्हणाले. "अण्णानं तार वाचली. खिशात ठेवली. आभाळाकडे पाह्यलं. अन् बसून राह्यला. चौथ्या दिवशी दहाच्या सुमाराला दोन घंटे ऊन पडलं. बारा वेळा कोन घेतला त्यानं. मंग उतरला."

वैशाली उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ सुरूच राहिला.

"तुम्ही परत भेटलात तेव्हा ते काय म्हणाले?" मी विचारलं.

"हे माहं पान अन् त्याचा हा कच्चा कागद हातात देल्ला अन् म्हणाला, एकशे ऐंशी खरं आहे नामदेव, पण कागदावर. तू टेकडीवर होतास. बस. बाप गेल्याचं सांगितलं नाही त्यानं. ते मले वर्षभरानं समजलं."

मी जे विचारलं ते मलाच कठोर वाटलं, पण विचारलं. "माझ्या आजोबांपेक्षा ते तीन सेकंद मोठे होते का?"

"ते मले नाही सांगता येत, ताई," ते म्हणाले. "तीन सेकंदांसाठी बसला का माह्या नोकरीसाठी, तेही मी त्याले इचारलं नाही. हिंमत झाली नाही. तुमी इचाराल म्हणूनच बोलावलं तुमाले. कोणी तरी इचारायले पाहिजे होतं."

तर्री

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता खाली उतरले. थंडी होती. तुरीच्या शेताच्या कडेने चालत राहिले. रागावले होते, आणि राग कुणावर ते ठरत नव्हतं. परात्यांवर ठरवावा तर पोटुशी बायको दवाखान्यात असलेला एकोणतीस वर्षांचा माणूस डोळ्यांसमोर यायचा. अण्णांवर ठरवावा तर खिशात तार ठेवून आभाळाकडे बघणारे अण्णा यायचे.

आणि या सगळ्याखाली दुसरंच काही तरी हललं होतं. माणसं बदलतात, शब्द बदलतात, सांबार म्हणजे कोथिंबीर होते. गणित बदलत नाही, या भरवशावर मी जगले होते. नवरा गेला त्या वर्षी मी रोज संध्याकाळी प्रमेयं सोडवत बसायचे, ती तरी जागची हलणार नाहीत म्हणून. आता त्यातलं पहिलंच हललं होतं.

रस्त्याच्या कडेला पोह्यांची गाडी होती. आमच्याकडे पोहे म्हणजे वर खोबरं, बाजूला लिंबाची फोड. इथे पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा ओततात, त्याला तर्री म्हणतात. मी पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग ते थांबेना.

गाडीवरची बाई माझ्याकडे पाहून म्हणाली, "काहून रडून राहिल्या बाई? सांगायचं ना वं, कमी टाकली असती तर्री." तिने माझ्या प्लेटमध्ये वरून मूठभर शेव टाकली. "घ्या, आता नाही लागणार."

लागतच होतं. पण मी सगळे पोहे खाल्ले. आणि खाता खाता एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. ते पावणेतीन सेकंद उगाच आलेले नव्हते. त्रिकोण जेवढा मोठा, तेवढी बेरीज वर जाते. दर दोनशे चौरस किलोमीटरला साधारण एक सेकंद. कमी नाही, जास्त नाही. संत्र्यावर दोनशे सत्तर येतात तेही त्याच नियमाने, संत्र्याच्या मापाने. म्हणजे नियम मोडला नव्हता. मी ज्याला नियम समजत होते तो एका मोठ्या नियमाचा कोपरा होता. सपाट कागद हा त्यातला एक प्रसंग, जिथे वरचा आकडा शून्य येतो. माझं प्रमेय जागच्या जागी होतं, पण त्याची जागा कुठे आहे हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारू दिलं नव्हतं.

वर परत आले तेव्हा काका गच्चीत होते. एका फूटभर आरशाच्या मागचा पारा मधोमध नखाएवढा खरवडून ते त्या भोकातून बघत होते. समोर एका काठीला नेम धरण्यासाठी तारेचं कडं बांधलं होतं.

"तुमी आज गेल्या तं मी अडवणार नाही," मान वर न करता ते म्हणाले. "पण अण्णा चार दिवस ज्याची वाट पाहत होता ते एकदा पाहून जा."

खैरटेक

चौथ्या दिवशी सकाळी वैशाली आणि मी उमरेड रस्त्याने निघालो. काकांना चढवणार नव्हतं. ते बेशाच्या गच्चीतच आरसा घेऊन थांबणार होते. दिशा त्यांनी आदल्या दिवशीच काठी उभी करून पक्की केली होती. खैरटेक कोणत्या बाजूला आहे हे त्यांना नकाशा न बघता माहीत होतं. सकाळचं ऊन त्यांच्या समोरून येणार, टेकडीही तिकडेच, त्यामुळे आरसा थोडा कलवला की पुरे, असं ते म्हणाले.

टेकडीच्या पायथ्याच्या गावातून वर जायला गुराख्यांची वाट आहे. खैराची आणि सागाची झाडं, पायाखाली वाळकी पानं. आमच्या डोंगरांसमोर ही टेकडी म्हणजे उंबरठा, पण मला दम लागला. वैशाली पुढे होती. अर्ध्या वाटेत ती थांबली आणि पाठमोरीच म्हणाली, "मावशी, म्हणजे माझा वाढदिवस अन् तुमच्या आजोबांचं जाणं एकाच हप्त्यातलं."

"हो. काल मीही तेच मोजलं."

"आईनं मले कधी सांगितलं नाही. तिलेही माहीत नसेल." थोड्या वेळाने म्हणाली, "मी आता दर वाढदिवसाला काय करू?"

 मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही तशाच वर गेलो.

माथ्यावर खडक उघडा होता. गवत बाजूला केल्यावर सापडलं: खडकात कोरलेला एक लहान गोल आणि गोलाच्या मधोमध छिद्र. त्या छिद्राच्या बरोबर वर दुर्बीण उभी करत. अण्णा इथेच उभे होते, बोटभरही इकडे-तिकडे नाही. मी त्या गोलाला हात लावला. दगड गार होता.

नागपूरच्या बाजूला धुरकट पडदा होता. इमारती दिसत नव्हत्या, फक्त एक राखाडी पट्टा. वैशालीने फोन लावला. काकांचा आवाज आला, "मी आरसा फिरवून राहिलो. पाहत राहा." आम्ही पाहत राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. काही नाही. "थोडं खाली," वैशाली अंदाजाने म्हणायची. "थोडं डावीकडे, बाबा." मला वाटू लागलं की म्हाताऱ्याचा हात आता थरथरत असेल, धूर फार आहे, हे काही व्हायचं नाही.

आणि राखाडी पट्ट्यात एक तारा उगवला.

दुसरा शब्द मला सापडत नाही. सकाळचे साडेदहा वाजलेले, लख्ख उजेड, आणि त्या धुराच्या आत एक पांढरा, टोचणारा, जिवंत ठिपका. तो लुकलुकला, विझला, पुन्हा आला आणि स्थिर झाला. पंचवीस किलोमीटरवर एक म्हातारा माणूस हातात आरसा धरून उभा होता, आणि त्याने फेकलेलं ऊन माझ्या डोळ्यांत येत होतं. वैशालीने माझा दंड घट्ट धरला.  मी देवळांत गेले आहे, समुद्र पाहिला आहे, पण उभ्या जागी हात आपोआप जोडले गेले ते तिथेच.

"दिसते का?" फोनमधून आवाज आला.

"दिसतंय काका. स्पष्ट दिसतंय."

"मंग असाच धरून ठेवतो," ते म्हणाले.

मी खडकावर बसले आणि काकांनी बरोबर दिलेला अण्णांचा कागद काढला. बारा वाचनं, प्रत्येक थोडी वेगळी. एखादा सेकंद वर, एखादा खाली. कुठेही खाडाखोड नाही. सातांना आडव्या रेघा. तार खिशात असताना लिहिलेल्या या ओळीत एकही अंक हललेला नव्हता. मी सरासरी काढली, त्याच कागदावर लिहिलेल्या बाकीच्या दोन कोनांत मिळवली. एकशे ऐंशी अंश, शून्य मिनिटं, आणि तीन सेकंदांहून थोडं जास्त. मग कागदाच्या मागे, त्यावरच दिलेल्या तिन्ही बाजूंवरून क्षेत्रफळ काढलं, दोनशेच्या हिशेबाने भागलं. पावणेतीनच्या जवळपास.

कुणी आकाशात गेलं नव्हतं, कुणी पृथ्वीला फेरी मारली नव्हती. एक माणूस या खडकावर बसून दोन ठिपक्यांकडे बघत होता, आणि त्याच्या पेन्सिलीखाली पृथ्वीचा गोलवा उतरला होता, एका बोटाच्या जाडीएवढा. ढगाळ आभाळाखाली बसून हे लिहिता आलं नसतं. त्यासाठी ऊन पडावंच लागत होतं.

"किती येते?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं.

"मंग बरोबर आहे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "आता हात दुखून राहिला, ताई. ठेवू का खाली?"

"ठेवा काका. बराच वेळ धरलात."

ठिपका विझला.

वाई

परत आल्यावर मी साताऱ्याला घरी न जाता आधी वाईला गेले. कमलआत्या आता ब्याऐंशी वर्षांची आहे. कानाने कमी ऐकते, पण नजर अजून सुईत दोरा ओवण्याइतकी चांगली. ती अंगणात गव्हले वळत बसली होती. मी तिच्याजवळ खाली बसून सगळं सांगितलं. त्रिकोण, आरसे, ढग, परात्यांची बायको, फाडलेलं पान, तिसऱ्या दिवशी पोचलेली तार. अण्णांनी योग्य केलं असं मी म्हणाले नाही, कारण तसं मला अजून वाटत नाही. चुकीचं केलं असंही म्हणाले नाही. जे झालं ते झालं तसं सांगितलं, मोठ्याने, कारण तिला ऐकू यायला हवं होतं.

आत्याने एकदाही मधे विचारलं नाही. तिची बोटं गव्हले वळत राहिली. माझं संपल्यावरही बराच वेळ ती वळत होती. एक गव्हला परातीत पडला, दुसरा पडला.

मग तिने हात पुसले आणि माझ्याकडे पाहून विचारलं, "चौथ्या दिवशी तरी पडलं का गं त्याला ऊन?"

"पडलं, आत्या. दोन तास."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला.